पाहण्याची किंमत

उपासनेच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातील ‘अ’ वर्षी, उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी जन्मांध माणसाची कथा वाचली जाते. योहानकृत शुभवर्तमानाचा हा नववा अध्याय 41 वचनांचा आहे. त्यातील प्रत्यक्ष चमत्काराला अवघी दोन वचने पुरली आहेत. प्रभू थुंकीने माती कालवतो, ती त्याच्या डोळ्यांवर लावतो आणि शिलोहच्या तळ्यात धुऊन येण्यास सांगतो. तो जातो, धुतो, डोळस होऊन परततो. (जेरुसलेममध्ये 2004 साली सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना या तळ्याच्या पायऱ्या उजेडात आल्या.) बाकीचा अध्याय जवळजवळ सारा उलटतपासणीचा आहे. 8 ते 34 या वचनांत तर स्वतः येशू तेथे नाहीच. दृष्टी मिळालेला माणूस आणि त्याच्याभोवतीचे डोळस लोक, एवढेच उरतात.

आद्य ख्रिस्तसभेला या कथेत स्नानसंस्कार दिसला. दुसऱ्या शतकात संत जस्टिनने त्या संस्काराला ‘प्रकाशन’ असेच नाव दिलेले आढळते. हा आंधळा म्हणजे अवघी मानवजात, असे संत ऑगस्टीनने आपल्या प्रवचनात सांगितले. तेव्हा कथेतील आंधळेपण आपले आहे हे ठरलेलेच. प्रश्न आहे तो त्याच्या जातीचा. न दिसणे आणि न पाहणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

शिष्यांचा पहिलाच प्रश्न असतो, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने ते दोन्ही नाकारले. दोन हजार वर्षे हे उत्तर ऐकूनही, एखाद्या घरी अपंग मूल जन्मले की आपल्यातही तीच कुजबुज होते. डोळ्यांचे आंधळेपण हे पापाचे चिन्ह नव्हे. लुई ब्रेलची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी अपघातानंतर जाऊ लागली. पुढे तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे, आणि त्याने शोधलेल्या लिपीने अंध व्यक्तींना वाचते केले. ज्या आंधळेपणाबद्दल प्रभू बोलतो ते निराळे.

परुश्यांविषयी फार लिहावे असे आम्हांला वाटत नाही. आम्हांला ठाऊक आहे, हे त्यांचे पालुपद. बरा झालेला माणूस मात्र ठाऊक नसलेले सरळ कबूल करतो आणि तरीही पुढे सरकतो. त्याला बरे करणारा त्याच्या लेखी आधी येशू नावाचा एक माणूस, मग संदेष्टा, मग देवाकडून आलेला, आणि शेवटी प्रभू ठरतो. उपदेशांत या दोघांचीच तुलना नेहमी होते. परुश्यांना नावे ठेवणे आपल्याला सोपे जाते, कारण आपण त्यांच्यात स्वतःला मोजत नाही.

आपण मोजले जातो ते त्या आईवडिलांत. हा आमचा मुलगा, तो आंधळाच जन्मला, एवढे ते मान्य करतात. कसा बरा झाला, कोणी केला, हे ते आपल्याला माहीत नसल्याचे सांगतात. तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा, म्हणतात. येशूला ख्रिस्त मानणाऱ्याला सभास्थानातून बाहेर काढायचे ठरले होते. त्या भीतीपोटी ते असे बोलले, हे योहान मुद्दाम नोंदवून ठेवतो. ज्या लेकराच्या डोळ्यांसाठी त्यांनी किती प्रार्थना केल्या असतील, त्याचे डोळे उघडल्याच्या दिवशी त्यांनी स्वतःचे मिटून घेतले. त्यांना दिसत नव्हते असे नाही. पाहण्याची किंमत त्यांना परवडत नव्हती.

आपल्या घरांकडे वळू. जमिनीला भाव आला की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणीला नेले जाते आणि हक्कसोडपत्रावर तिची सही होते. 1925 चा भारतीय वारसा कायदा ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात फरक करीत नाही, हे भावांना माहीत असते. मनापासून हक्क सोडणाऱ्या बहिणीही असतात. त्यांच्याबद्दल आमचे म्हणणे नाही. पण जिने केवळ माहेर तुटू नये म्हणून सही केली, तिच्याविषयी विचारले तर घरची वडीलधारी माणसे काय उत्तर देतात? तिने खुशीने दिली, ती जाणती आहे, तिलाच विचारा. जेरुसलेमच्या त्या आईबापांचेच उत्तर! मग राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते, शुक्रवारी मांस वर्ज्य होते, क्रूसाची वाट चुकत नाही. पापनिवेदनात राग, खोटे बोलणे, चुकलेली मिस्सा हे सारे येते. ती सही मात्र येत नाही, कारण तिला आपण पाप म्हणून पाहिलेलेच नसते. ‘आम्हांला दिसते’ असे म्हणणाऱ्यांचे पाप कायम राहते, असे प्रभू त्या अध्यायाच्या शेवटी सांगतो, तेव्हा त्याच्यासमोर परुशीच उभे होते. पण ते शब्द ऐकू येण्याइतक्या अंतरावर आणखी कोण कोण होते, कोणास ठाऊक.

पाहिले तर काय होईल, हे त्या मुलाने दाखवून दिले. त्याला बाहेर घालवले. ते कळल्यावर येशू त्याला शोधीत आला, आणि ज्याने आपल्याला दृष्टी दिली त्याचे तोंड त्याने तेव्हा प्रथमच पाहिले. आईवडिलांचा उल्लेख मात्र शुभवर्तमानात पुन्हा येत नाही. त्या रात्री तो घरी गेला की नाही, गेला असल्यास दार कोणी उघडले, आणि जेवायला बसल्यावर तिघांपैकी कोण कोणाकडे पाहू शकले, याबद्दल योहानाने काहीच लिहिलेले नाही.