न उभ्या राहणाऱ्या इमारती

भारतात वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची, म्हणजे दहा सत्रांची असते. त्यातले एखादे सत्र वास्तुविशारदाच्या कचेरीत उमेदवारी करण्यात जाते. बाकी जवळजवळ प्रत्येक सत्र एका डिझाईन प्रकल्पाभोवती फिरते. आधी बसथांबा किंवा वाचनाची खोली, मग घर, शाळा, वसाहत, रुग्णालय आणि शेवटी थिसिस. पदवी हाती येईपर्यंत विद्यार्थ्याने कितीतरी इमारतींचा पायापासून गच्चीपर्यंत विचार केलेला असतो आणि त्यातली एकही कुठे उभी नसते. ती उभी राहणार नाही हे शिक्षकांना, ज्युरीला येणाऱ्या परीक्षकांना आणि खुद्द विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. वैद्यकीचा विद्यार्थी खऱ्या रुग्णाच्या खाटेशेजारी शिकतो, गाणे शिकणारा बेसूर का होईना, पण खराच सूर लावतो. वास्तुकला शिकणाऱ्याच्या हाती मात्र त्या काळात इमारत येतच नाही. यातून दोन प्रश्न निघतात आणि दोन्ही जुन्या तत्त्वचर्चेतले आहेत. होणारच नाही अशा इमारतीचा विचार म्हणजे नेमका कशाचा विचार? आणि त्यात चूक झाली, तर ती कोणाच्या बाबतीत झाली?

शिकण्याची ही रीत पूर्वापार नाही. मयमत, मानसार यांसारखे शिल्पग्रंथ बांधकामावरच्या चार जणांची नावे देतात: स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. या परंपरेत शिकणारा दोरी धरता धरता, दगड घडवता घडवता तयार होई आणि त्याची चूक दगडातच उमटे. युरोपात पंधराव्या शतकात आल्बेर्तीने इमारतीची रेषांतली रचना आणि तिचे द्रव्य यांची फारकत केली. मनात पूर्ण झालेली रचना वास्तुकाराची. ती उभी करणे हा कारागिरांचा भाग. पॅरिसच्या एकोल दे बोझारने पुढे याच फारकतीवर सगळे शिक्षण बेतले. विषय द्यायचा, ठरल्या मुदतीत नकाशे मागायचे, त्यांचा क्रम लावायचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि देशातल्या इतर महाविद्यालयांत जी पद्धत रुजली, तिची मुळे बऱ्याच अंशी इथपर्यंत जातात.

पहिल्या वर्षावर दुसरी छाप आहे. 1919 साली वायमारमध्ये बाउहाउस सुरू झाले आणि योहान्नेस इटेनने तिथे प्राथमिक अभ्यासक्रम शिकवला: पोत, रंग, वजन, तोल यांची ओळख हातांनी करून घ्यायची. आजचे ‘बेसिक डिझाईन’ त्याच वळणाचे आहे. कार्डशीटचे घन, तारेची जाळी, बांबूची चौकट. गंमत अशी की वरचे दोन्ही प्रश्न या वर्षी जवळजवळ पडत नाहीत. सनबोर्डचा घन हा घनच असतो. तो दुसऱ्या कशाच्या जागी उभा नसतो. मॉडेल दुसऱ्या कशाचे तरी मॉडेल होते ते दुसऱ्या वर्षापासून.

त्या वर्षी विद्यार्थ्याला खरी इमारत एकदा भेटते, तीही दुसऱ्या कोणीतरी बांधलेली. जुना वाडा, देऊळ किंवा गावातली आळी मोजून तिचे नकाशे काढायचे, त्याला ‘मेझर्ड ड्रॉइंग’ म्हणतात. जे. जे.मध्ये शिकवणाऱ्या क्लॉड बॅटली यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भारतीय इमारतींच्या अशा मोजणीवर मोठा भर दिला होता. वाड्याच्या चौकाच्या चारही बाजू टेपने मोजल्या की कागदावर चौरस उमटतो. कर्ण मोजले की तो चौरस नव्हता हे कळते. ओसरीची उंची दोन टोकांना वेगळी भरते, भिंत वर जाताना बारीक होत जाते. मोजणारा इथे वाड्याला उत्तरदायी असतो. आकडा चुकला तर वाडा त्याला खोटे पाडतो.

त्याच सत्रात घराचा प्रकल्प येतो. त्याला खोटे पाडणारे काही समोर नसते, निदान तसे वाटते. जिन्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. 3 मीटर उंचीच्या मजल्याला 150 मिलिमीटरचे 20 चढ लागतात. जिना दोन फ्लाइटमध्ये मोडला तर प्रत्येक फ्लाइटला 10 चढ आणि 9 पायऱ्या. पायरी 300 मिलिमीटरची धरली तर 2.7 मीटर, आणि वळणाचे लँडिंग 1.2 मीटर. म्हणजे जिन्याची लांबी 3.9 मीटर. बहुतेक पहिल्या शीटवर त्याच्यासाठी 3 मीटरचा खोका राखलेला असतो आणि त्यात समांतर रेषा सुबक ओढलेल्या असतात. प्लॅनमध्ये काहीच खटकत नाही. सेक्शन काढल्यावर दिसते की चढणाऱ्याचे डोके वरच्या तुळईला आपटणार. हे घर कधी होणार नाही, हा जिना कोणी चढणार नाही, तरीही ही चूक खरीखुरी चूक आहे. ती कशाच्या जोरावर चूक ठरते?

न्यायदर्शन इथे उपयोगी पडते, कारण नसलेल्या गोष्टींचा इतका बारीक विचार क्वचितच कोणी केला असेल. नैयायिक अभावाचे चार प्रकार मानतात. मडके घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव; त्याला आरंभ नाही, पण शेवट आहे, कारण मडके झाले की तो संपतो. ‘इथे मडके होईल’ या प्रतीतीतून तो कळतो. फुटलेल्या मडक्याचा अभाव तो प्रध्वंसाभाव. एक वस्तू दुसरी नसणे हा अन्योन्याभाव. आणि तिन्ही काळांत नसणे हा अत्यंताभाव. विद्यार्थ्याची शीट प्रागभावाच्या भाषेत बोलते: इथे प्रसूतिगृह होईल, इथून रुग्णवाहिका आत येईल. पण प्रागभाव त्याच वस्तूचा असतो जी पुढे खरोखर उत्पन्न होते. जी होणारच नाही तिचा प्रागभाव काटेकोर हिशेबात बसत नाही. स्टुडिओतले प्रत्येक ‘होईल’ अशा रीतीने अधांतरी राहते.

सांख्यांचे म्हणणे उलटे. कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपाने असते, तिळात तेल असते तसे. काहीही कशातूनही निपजत नाही. या सत्कार्यवादाला स्टुडिओत मोठा मान आहे, नाव कोणी घेत नसले तरी. साईटच्या उतारात, वाऱ्याच्या दिशेत, हाताशी असलेल्या दगडात एक इमारत दडलेली आहे आणि ती शोधून काढायची आहे, असे बहुतेक चांगले शिक्षक समजावतात. अहमदाबादच्या आयआयएमचा वास्तुकार लुई कान विद्यार्थ्यांना विटेलाच तिची इच्छा विचारायला सांगे, त्यातही हीच श्रद्धा होती. मात्र एकाच प्लॉटवर चाळीस विद्यार्थी चाळीस वेगळ्या इमारती सुचवतात आणि त्यातल्या पाच-सहा तरी उत्तम असतात. प्लॉटमध्ये एकच इमारत दडली होती हे मग पटत नाही.

ॲरिस्टॉटलने गतीची व्याख्या समजावताना बांधकामाचेच उदाहरण घेतले, हे वास्तुकलेच्या वर्गात जवळजवळ कधी सांगितले जात नाही, सांगायला हवे. बांधता येण्याजोग्या गोष्टीचे ते बांधता येण्याजोगेपण प्रत्यक्षात उतरत असते, ती क्रिया म्हणजे बांधकाम. घर पुरे झाले की ते बांधण्याजोगे उरत नाही. विद्यार्थ्याचे घर त्या अवस्थेतून कधीच पुढे जात नाही. पण बांधता येण्याजोगे असणे ही खरी गोष्ट आहे आणि ती पारखता येते. 3 मीटरच्या खोक्यातला जिना याच कसोटीवर पडतो. गुरुत्वाकर्षण, डोक्याची उंची, मे महिन्यातले पश्चिमेचे ऊन या गोष्टी कागदाबाहेर आहेत आणि त्यांना कागदाची पर्वा नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे बरेचसे मिळते. विद्यार्थी नसलेल्या इमारतीतून असलेल्या जगाचाच विचार करत असतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो तिसऱ्या वर्षी, साईट मोठी झाली की डोके वर काढतो. वसाहतीच्या प्रकल्पात पहिली शीट ‘एक्झिस्टिंग’ची असते. तिच्यावर झाडे, विहीर, नाल्याकाठच्या झोपड्या पुसट रेषांनी दाखवलेल्या असतात. पुढच्या शीटवर झोपड्या नसतात. कोणी त्या पाडल्या नाहीत, कोणाला नोटीस गेली नाही. फक्त संगणकातल्या नकाशाचा तो थर बंद झाला. जुन्या ग्रंथांना जमीन अशी रिकामी मान्य नव्हती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी त्याची पूजा करून तिथे राहणाऱ्या भूतांना अन्यत्र जाण्याची विनंती करायला सांगितले आहे. वास्तुग्रंथांतही बांधकामाआधी भूमीवरच्या भूतांना बली देऊन निरोप देण्याचे विधी आहेत. आजच्या भूमिपूजनात नारळ फुटतो, पण विनंतीचा हा भाग बहुधा कोणाच्या लक्षातही नसतो. भूतांवर विश्वास ठेवायची गरज नाही. बांधणे म्हणजे आधीच्या कोणाला तरी हलवणे, आणि हलवणाऱ्याने त्याच्याशी आधी बोलायला हवे, एवढी समज त्या विधीत आहे. विद्यार्थ्याच्या प्रकल्पात तिची गरज सर्वांत जास्त असते, कारण कागदावर कोणी विरोध करत नाही. झोपड्यांचा थर बंद करायची सवय एकविसाव्या वर्षी लागली, तर ती कचेरीतही टिकते. म्हणून ‘हा नुसता कॉलेजचा प्रकल्प आहे’ ही सबब नीतीच्या दृष्टीने लंगडी आहे. इमारत काल्पनिक असली तरी ती कल्पना करणारे मन खरे असते आणि तेच पुढे कामाला लागते.

ज्युरीच्या दिवशी याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. फळावर हक्क नसताना कर्म करण्याचा गीतेतला उपदेश वरवर पाहता या विद्यार्थ्यांनाच लागू पडावा. इमारतीचे फळ त्यांच्या वाट्याला कधीच येत नाही. वस्तुतः आसक्ती इथे जास्तच असते. जागून काढलेल्या रात्री, मार्क, परीक्षकाचा एक तुसडा शब्द, बटर पेपरवर सरांनी आपल्या रेषांवरून फिरवलेली पेन्सिल, सगळे ‘माझ्या कन्सेप्ट’ला लागते. टिळकांनी ‘गीतारहस्या’त निष्काम कर्माचा अर्थ बेफिकीर कर्म असा होऊ दिला नाही, लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांची घडी नीट राहावी म्हणून, ते कसोशीने करायचे. हा अर्थ स्टुडिओत नेमका लावता येतो. जोते 450 मिलिमीटर उंच असेल तर 1:12 उताराच्या रॅम्पला 5.4 मीटर लांबी लागते. चाकाच्या खुर्चीवरून येणारे कोणी त्या दवाखान्यात कधी जाणार नाही आणि परीक्षकाचे लक्षही कदाचित जाणार नाही. तरीही कोणी तो रॅम्प पुरत्या लांबीचा काढला, तर मार्कांसाठी केलेल्या कामात तेवढा भाग मार्कांपलीकडचा आहे.

चौथ्या वर्षाबद्दल फार सांगण्याजोगे नाही. प्रकल्प मोठे होतात, रुग्णालयातले निर्जंतुक आणि इतर रस्ते वेगळे ठेवावे लागतात, सेवांचे जाळे शिकावे लागते. उमेदवारीत प्रथमच कळते की कंत्राटदार नकाशा पाहून प्रश्न विचारतो.

थिसिसमध्ये विषय विद्यार्थी स्वतः निवडतो. स्मशानभूमी, विपश्यना केंद्र, तुरुंग, वृद्धाश्रम असे विषय पुन्हा पुन्हा निवडले जातात. विशीतली मुले मृत्यू, मौन आणि शिक्षा यांना जागा देऊ पाहतात, हे या शिक्षणातले फार मोलाचे आहे. क्वचित असा प्रकल्प खरोखर उभा राहतो आणि मग वेगळेच काही शिकवतो. मोशे साफदी याने 1961 मध्ये मॅकगिल विद्यापीठात शहरी घरांवर थिसिस केला आणि त्यातूनच माँट्रिअलचे हॅबिटॅट 67 झाले. 354 काँक्रीटचे खोके एकावर एक रचून त्यात 158 घरे केली, प्रत्येकाला अंगण मिळावे म्हणून. मूळ आराखडा याहून कितीतरी मोठा होता. कारखान्यात बनलेली स्वस्त घरे सर्वांना मिळतील ही थिसिसमधली आशा मात्र तिथे फळली नाही. घरे महाग पडली. इमारत झाली, पण जिच्यासाठी ती कल्पिली होती ती गोष्ट झाली नाही.

माया लिनचे उलट झाले. येल विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत असताना मृत्युविषयक वास्तुकलेच्या वर्गासाठी तिने व्हिएतनाम युद्धातल्या मृतांचे स्मारक कल्पिले आणि तेच खुल्या स्पर्धेत पाठवले. 1,421 प्रवेशिकांतून 1981 साली 21 वर्षांच्या तिची निवड झाली आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये काळ्या ग्रॅनाइटची भिंत उभी राहिली. तिच्यावर नावे मृत्यूच्या क्रमाने आहेत, त्यामुळे एकत्र पडलेली माणसे भिंतीवरही शेजारी येतात. ती नावे काल्पनिक नव्हती. लिनच्या वर्गातल्या कामाला सुरुवातीपासूनच खरे धनको होते, आणि कदाचित म्हणूनच ते प्रत्यक्षात उतरताना फारसे बदलले नाही.

काही संस्थांनी प्रश्नच बदलून टाकला आहे. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी 1993 मध्ये रूरल स्टुडिओ सुरू केला. तिथे विद्यार्थी हेल काउंटीतल्या गरीब कुटुंबांसाठी घरे आखतात आणि स्वतः बांधतात. इथे प्रागभाव खरोखर संपतो. पण शिकाऊ हातांच्या चुका आता कोणाच्या तरी छपरातून गळू शकतात, आणि शिकण्याची किंमत ज्यांना नाही म्हणणे सर्वांत अवघड असते त्यांच्याच पदरात पडण्याचा धोका असतो. हा आक्षेप गंभीर आहे. त्यावरचे एकमेव पुरेसे उत्तर तिथल्या कामाच्या पद्धतीतच सापडते: विद्यार्थी त्याच गावांत राहतात, रहिवाशांना ओळखतात, आणि वर्ष संपले तरी काम संपले नसेल तर पदवीनंतरही थांबून ते पुरे करतात.