मुळांची शोभा

के. आर. पुरमच्या आमच्या गच्चीवर पसरट कुंडीत एक जपानी मेपल आहे. पाच वर्षांपूर्वी डोंगराळ भागातून हौसेनं आणलेला. पानं देखणी, पण बुंध्याशी खोट आहे. मुळं सगळी एकाच अंगाला, दुसरी बाजू खांबासारखी सरळ मातीत घुसलेली. बोन्सायच्या जाणकारांना बुंध्यापासून चहूबाजूंनी पसरलेली, वर दिसणारी मुळं हवी असतात. जपानीत त्याला नेबारी म्हणतात. ती असली की कोवळं झाडही जुनं, जमीन धरून बसलेलं वाटतं.

ती घडवावी लागते. कळ्या फुगू लागल्या की झाड उपटायचं, खाली जाणारी जाड मुळं छाटायची, उरलेली बाजूला पसरून खाली सपाट कौल ठेवायचं, म्हणजे ती आडवीच वाढतात. तेवढ्यानं भागलं नाही तर गुटी कलमासारखी बुंध्याची साल गोल काढायची. कापाच्या वरच्या कडेतून नवी मुळं फुटतात, मग जुनी कापून टाकायची.

म्हणजे झाड घट्ट रुजल्यासारखं दिसावं, म्हणून त्याची खोल मुळं तोडायची. हे खोटं आहे का? मला तसं वाटत नाही. ती आडवी मुळं खरोखर पाणी ओढतात, झाड त्यांच्यावरच जगतं. आणि उपटून लावलेला भात कुणाला खोटा वाटत नाही. झाडाला दुखत असेल का, हाही माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न कापल्यानंतरचा आहे. सोटमूळ गेलं की झाड माझ्या हातच्या पाण्यावर आलं. कापणारा त्याचं काय देणं लागतो?

थंड मुलखातला माळी निम्मं देणं ऋतूवर सोपवतो. मेपलला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडीची झोप लागते. तिच्यातून उठताना साठवलेल्या बळावर तो नवी मुळं काढतो. बेंगळुरूत जानेवारीची पहाटही साधारण पंधरा-सोळा अंशांची. आमच्या झाडाची निम्मी पानं गळतात, निम्मी करपून तशीच लटकतात. त्याला नीट झोप नाही, नीट जाग नाही. घाव मी देऊ शकते, हिवाळा कुठून देणार?

मुळांची उपमा माणसांना लावणं फार स्वस्त झालं आहे, म्हणून मी ती टाळत होते. पण बाबा गेल्यावर आईला मिरजेहून मीच इथं आणलं. घर बंद केलं, भांडी वाटून टाकली. ते बरोबरच होतं, एकटीला तिथं ठेवणं शक्य नव्हतं. मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगते, ‘आई छान रुळलीय हो.’ ती शेजारणीशी चार कानडी शब्द बोलते, तेही कौतुकानं सांगते. ते रुळणं तिच्यासाठी किती आणि माझं मन शांत राहावं म्हणून किती, हे मी तिला विचारलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात गच्चीच्या पन्हळीत उंबराचं रोप उगवलं. सोसायटीचा माणूस ते काढायला आला, तर आई आडवी आली. नरसोबाच्या वाडीच्या वाऱ्या केलेली बाई, उंबर तोडू देणं शक्यच नव्हतं. तिनं ते तेलाच्या डब्यात लावलं. आता डब्याच्या तळातल्या भोकांतून मुळं बाहेर आली आहेत. मी म्हटलं, ‘आई, याचं सुरेख बोन्साय होईल.’

‘नको गं,’ ती म्हणाली. ‘हा मिरजेला परसात लावू. कधी जायचं?’

परवा मेपलच्या कळ्या फुगल्या. कात्री, कौल, चाळलेली माती सगळं काढून ठेवलं होतं. मी कुंडी फक्त सावलीत सरकवली आणि खाली येऊन आईला विचारलं, ‘किती दिवस राहायचं म्हणतेस?’

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. आधी विचारलं, ‘परतीचं तिकीट आत्ताच काढावं लागतं का?’