बिनपडद्याचे स्वातंत्र्य

‘फादर, महिन्याचा पगार घातला पोरानं त्यात. त्याला डोकं नाही अन् पडदेही नाहीत. असली बिनडोक वस्तू घरात ठेवून करायचं काय?’

काळेवाडीत राहणाऱ्या एका टर्नर बापाचा हा प्रश्न. विचारताना ते हसत होते, पण हसण्याच्या तळाशी काळजी होती. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे आणि रविवारच्या मिस्साला गायकवृंदात खर्जाच्या गिटारीची, म्हणजे बास गिटारची साथ करतो. आजवर तो वाद्य उसने आणीत असे; आता त्याने स्वतःचे घेतले. बापाच्या मनात दोन शंका होत्या. हातावर पोट असलेल्या घराने अशा वस्तूवर पैसा घालावा का, ही पहिली. बोट कोठे ठेवायचे हे दाखवणारे ज्या वाद्यावर काहीच नाही, ते वाजवून मुलगा बिघडणार की सुधारणार, ही दुसरी. ही दुसरी शंका केवळ एका वाद्यापुरती नाही. मुलांना किती मोकळे सोडावे, नियमांचा आधार काढून घेतला तर मागे उरते काय, हा आज घरोघरच्या आईबापांचा प्रश्न आहे. म्हणून या वाद्याकडे जरा निवांतपणे पाहू या.

प्रथम डोक्याविषयी. गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ताणण्याच्या खुंट्या असतात. त्या भागाला डोके म्हणतात. खर्जाच्या गिटारची मान लांब आणि खुंट्या जड असतात. त्यामुळे वाद्य मानेकडे कलते आणि डावा हात वाजवायचे सोडून तोल सावरण्यात गुंततो. अमेरिकेतील नेड स्टाइनबर्गर या फर्निचरच्या रचनाकाराने 1980 च्या सुमारास हे डोकेच काढून टाकले आणि खुंट्या दुसऱ्या टोकाला, घोडीपाशी नेऊन बसवल्या. डोके गेले आणि तोल आला! कृत्रिम तंतूंपासून घडवलेले त्याचे मूळ वाद्य महाग होते. पुढे होनर कंपनीने परवाना घेऊन त्याच्या स्वस्त लाकडी आवृत्त्या काढल्या. आज आशियातील कारखान्यांमुळे असे वाद्य एका सामान्य कामगाराच्या आवाक्यात आले आहे. दोन खोल्यांच्या घरात, कपाटामागच्या अरुंद जागेतही ते मावते. तेव्हा ‘बिनडोक’ हे या वाद्याच्या बाबतीत दूषण नव्हे. जे ओझे होते तेवढेच त्याने टाकले आहे.

पडद्यांची गोष्ट मात्र निराळी. गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना आपण पडदे म्हणतो. तार कोठे अडली म्हणजे कोणता स्वर निघेल, हे त्या ठरवून देतात. त्याआधी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जासाठी जे उभे, माणसाहून उंच व्हायोलिनसारखे वाद्य असे, त्याला पडदे नव्हते. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने 1951 मध्ये पडद्यांची विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली आणि तिचे नावच ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असे ठेवले. ज्याचा कान अजून तयार झालेला नाही, त्यालाही पहिल्या दिवसापासून योग्य स्वर काढता यावा, ही त्यामागची सोय होती.

आपल्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांना ही सोय समजावून सांगण्याची गरज नाही. कारखान्यात ड्रिलिंगचा जिग असतो. त्याच्या कठीण पोलादी बुशातून ड्रिल खाली उतरले की भोक ठरल्या जागीच पडते. काम करणारा कालच रुजू झालेला असो वा वीस वर्षांचा अनुभवी. पडदा म्हणजे स्वराचा जिग. नियमाचेही तसेच आहे. ‘खोटे बोलू नको’, ‘दुसऱ्याचे घेऊ नको’ या आज्ञा लहानपणी आपल्याला जिगसारख्या सांभाळतात. आपली समज कच्ची असतानाही आपल्या हातून निदान ढोबळ चूक होऊ नये, अशी तजवीज त्या करतात. जिगची टिंगल करणारा कारागीर शहाणा नव्हे आणि आज्ञांची टिंगल करणारा माणूसही नव्हे.

परंतु सारे संगीत पडद्यांवर उभे नाही, हे आपल्या भूमीला पूर्वीपासून ठाऊक आहे. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवीत आले आहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीचे पडदे गिटारसारखे लाकडात ठोकलेले नसतात. ते दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागाच्या गरजेप्रमाणे सरकवता येतात. सरोदाला, सारंगीला आणि व्हायोलिनला तर पडदेच नाहीत. म्हणजे पक्का पडदा, सरकता पडदा आणि बिनपडदा अशा तीनही तऱ्हा आपल्या कानांना परिचयाच्या आहेत, आणि बिनपडद्याच्या वाद्याला कोणी स्वैर म्हटलेले नाही.

असे का? पडदे काढले तरी स्वरांच्या जागा जात नाहीत म्हणून. तार बरोबर अर्ध्यावर दाबली की वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो. तिचा दोन तृतीयांश भाग कंप पावू दिला की पंचम मिळतो आणि चार पंचमांश भागाने शुद्ध गांधार मिळतो. ही प्रमाणे कोणा कारखानदाराने ठरवलेली नाहीत आणि कोणाच्या बहुमताने ती बदलणारही नाहीत. माणूस आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या गाभाऱ्यात असा एक नियम शोधून काढतो की जो त्याने स्वतः केलेला नाही, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात म्हटले आहे. बिनपडद्याच्या तारेवर पहिल्यांदा बोट ठेवणाऱ्या मुलाला याचा अनुभव अगदी कानांनी येतो. स्वर त्याला सापडतो, पण तो त्याने निर्माण केलेला नसतो.

या वाद्याची एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. नेहमीच्या लांबीच्या बास गिटारवर कंप पावणारी तार 34 इंचांची, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटरची असते. खालच्या बाजूला दोन पडद्यांमधले घर चार-साडेचार सेंटीमीटर रुंद असते. पडदे असताना बोट या घरात कोठेही दाबले तरी स्वर जवळजवळ तोच निघतो, कारण तार अखेर पडद्यावर टेकते. आळशी बोटालाही तेथे क्षमा आहे. पडदे काढले की ती चार सेंटीमीटरची सवलत नाहीशी होते. आता बोट पडद्याच्या अलीकडे टेकवून भागत नाही. जेथे पडदा असता नेमक्या त्या रेषेवरच ते यावे लागते. दोन-तीन मिलिमीटर चुकले तरी जाणकाराच्या कानाला ते खुपते. पडद्यांच्या वाद्यावरून या वाद्याकडे वळलेल्या मुलाचे स्वर सुरुवातीला किंचित उतरलेले लागतात, ते या जुन्या सवयीमुळेच.

नियम गेला म्हणजे मोकळीक वाढली, असे आपण समजतो. या वाद्यावर नेमके उलटे घडते. नियमाने आखलेल्या घरात बरीच जागा असते आणि त्या जागेत आपण सुखाने लोळत असतो. ‘मी कोणाला मारले नाही’, ‘मी कोणाचे चोरले नाही’ एवढे म्हणून झोपी जाता येते. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात नियमशास्त्र रद्द केले नाही; खुनाच्या आज्ञेपलीकडे जाऊन त्याने मनातल्या रागालाच हात घातला. घराच्या चार भिंतींतून त्याने आपल्याला नेमक्या बिंदूवर आणून उभे केले. बिनपडद्याचे स्वातंत्र्य हे अशा जातीचे आहे. त्यात सूट कमी आणि जबाबदारी अधिक. ज्याला सूट हवी असेल त्याने पडद्यांचेच वाद्य घ्यावे, हे उत्तम!

येथे कोणी विचारील की, पडदे इतके अचूक आहेत तर ते काढावेतच कशाला? याचे उत्तरही विचार करण्याजोगे आहे. पडदे उपयुक्त आहेत, पण ते पूर्ण सत्य नव्हेत. गिटारवर आणि पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. ही एक तडजोड आहे. ती केल्यामुळे कोणत्याही पट्टीत गाता-वाजवता येते. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर या तडजोडीचा गांधार निसर्गसिद्ध गांधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. वर सांगितलेल्या तारेवर हे अंतर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास भरते. पडद्यांच्या वाद्याला ते ओलांडता येत नाही, पण बिनपडद्याच्या वाद्यावर बोट किंचित मागे घेतले की खरा गांधार हाती लागतो.

मग त्या मुलाने रविवारी गायकवृंदात तो खरा गांधारच वाजवावा का? शेजारी पेटी वाजत असेल तर वाजवू नये. त्याचा गांधार एकट्याने ऐकला तर निर्दोष असेल, पण पेटीशी तो भांडेल आणि गाणाऱ्यांचा गोंधळ होईल. खर्जाचा स्वर हा तर गाण्याचा पाया. वर सा-ग-प हेच स्वर चालू असताना खाली षड्जाऐवजी धैवत धरला, तर त्या तिन्ही स्वरांचा भाव पालटून जातो. गाणाऱ्यांनी आपले काही बदललेले नसते तरीही. पाया हलला तर दोष कोणाचा हे लोकांना कळत नाही, आपण सारेच बेसूर झालो असे त्यांना वाटते. म्हणून खर्ज धरणाऱ्याने आधी दुसऱ्यांचे ऐकायचे आणि मग आपले बोट ठेवायचे. माझा स्वर शास्त्राने बरोबर आहे एवढे पुरत नाही. ज्यांच्यासोबत मी आहे त्यांना तो उभे राहायला आधार देतो की नाही, हेही पाहावे लागते. घरात, कामावर, धर्मग्रामाच्या सभेत आपल्यापैकी कितीजण केवळ बरोबर असण्याच्या जोरावर इतरांना बेसूर करून सोडतात, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता बापाच्या पहिल्या शंकेकडे वळू. गरिबाने वाद्य विकत घ्यावे का? संत थॉमस अक्वायनस यांनी मालकीविषयी एक मार्मिक भेद केला आहे. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे यासाठी ती आपल्या मालकीची असणे योग्य आहे. पण तिचा वापर करताना ती जणू सर्वांची आहे अशा वृत्तीने, गरजवंताला वाटा देण्याच्या तयारीने ती बाळगावी. वाद्याला हे विवेचन नेमके लागू पडते. उसन्या वाद्यावर बोटाला जागा सापडत नाही. प्रत्येक वाद्याची मान वेगळी, तारांची उंची वेगळी. रोज त्याच लाकडावर बोट फिरले तरच हात घडतो. म्हणून ते स्वतःचे हवे. महागडे मात्र हवेच असे नाही. वाद्य स्वस्त असले म्हणून पंचमाची जागा हलत नाही. कर्ज न काढता, घरखर्चाला धक्का न लावता कष्टाच्या पैशातून ते घेतले असेल, तर त्यात उधळपट्टी कसली? जे भोवतालच्यांच्या उपयोगी पडते ते चैनीत मोडत नाही.

अर्थात भोवतालचे लोक म्हणजे केवळ गायकवृंद नव्हे. खर्जाचा आवाज भिंत मानीत नाही. काळेवाडीसारख्या दाट वस्तीत भिंतीपलीकडे तिसऱ्या पाळीवरून आलेला कोणी कामगार भर दुपारी झोपलेला असतो. त्याची झोप हीसुद्धा त्या मुलाने ऐकावी अशी एक शांतता आहे. विजेवरचे हे वाद्य ध्वनिवर्धकाला न जोडता, जवळजवळ निःशब्दपणे वाजवता येते. ते तसे वाजवणे हा साधनेचाच भाग समजावा.

कान मात्र एकट्याने घडत नाही. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना पूर्वापार स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. म्हणजे ज्या वाद्याला पडदे नाहीत ते तेथे लहान मुलांच्या हाती निर्भयपणे दिले जात होते. पण शेजारी शिक्षक असे आणि आठवड्याला गाणारी एक मंडळी असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे एका चर्चच्या गायकवृंद-प्रमुखाचे चिरंजीव. ते पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामांकित व्हायोलिनवादक आणि संगीतसंयोजक झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. बिनपडद्याचे स्वातंत्र्य असे हातातून हातात दिले जाते.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. बिनपडद्याच्या बास गिटारला जगभर कीर्ती मिळवून देणारा अमेरिकन वादक जॅको पास्टोरियस हा लहानपणी वेदीसेवक होता. त्याने आपल्या गिटारचे पडदे काढून खाचा बुजवल्या. 1976 च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने या वाद्याची भाषाच बदलली. पुढे मनोविकाराने त्याचे आयुष्य विस्कटले आणि 1987 मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, मारहाणीत झालेल्या जखमांनी तो मरण पावला. आजार हा नैतिक दोष नव्हे. त्यावरून त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण सुराचा कान आला म्हणजे आयुष्य आपोआप सुरात येते, असे मानू नये एवढे तरी यातून कळते. सुरात वाजवणाऱ्यालाही माणसांच्या आधाराची गरज असतेच.

तेव्हा आईबापांना माझे सांगणे एवढेच: मुलाच्या हातून पडदे केव्हा काढावेत, हे त्याच्या वयावरून ठरवू नका, तो ऐकू लागला आहे का, हे पाहा. चूक झाली की ती दुसऱ्याने दाखवण्याआधी त्याला स्वतःला खटकते का? खटकल्यावर तो बोट हलवतो का? बिनपडद्याच्या वाद्यावर चुकलेला स्वर तेथल्या तेथे, बोट किंचित सरकवून सुधारता येतो. पडद्यांच्या वाद्यावर तशी सोय नसते. रोज संध्याकाळी तंबोऱ्याचा षड्ज लावून, एकेका स्वरावर बोट ठेवून, ऐकून, सरकवून बसणारा तरुण घरात असेल, तर त्याचा महिन्याचा पगार कोठे गेला याचा हिशेब मागण्यापूर्वी थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे आणि आपणही ऐकावे.