न फुटलेला टायर

दिवाळी जवळ आली की आपण माळ्यावरचे डबे खाली काढतो, कपाटामागची जळमटे झाडतो, गंजलेल्या कड्या बदलतो. वर्षभर जे डोळ्यांसमोर असून पाहिले नव्हते, ते या चार दिवसांत पाहतो. मात्र हेच एखाद्या पाहुण्याने येऊन दाखवले असते, तर आपल्याला राग आला असता. माणसाला दोषापेक्षा दोष दाखवणारा अधिक बोचतो. असे का होते, याचा विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर २०२३ च्या मे महिन्यात आला.

आमच्या कारंज्यात माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याने जुनी जीप घेतली आणि हौसेने तिचे रूप पालटून टाकले. मडगार्डच्या बाहेर येणारी रुंद चाके, टपावर दिव्यांची रांग, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, आणि गाडी गल्लीत शिरण्याआधी तिची वर्दी देणारा सायलेन्सर. व्हायचे तेच झाले. पोलिसांनी गाडी अडवली, पावती फाडली, आणि सारे पूर्वीसारखे करण्याची तंबी दिली. तो माझ्याकडे आला. मास्तरांनी शब्द टाकला तर पोलीस ऐकतील, अशी त्याची भाबडी समजूत.

"सर, गाडी माही, पैसा माहा. कोणाचं काय बिघडवलं म्या?" तो म्हणाला.

प्रश्न साधा, पण त्यात अर्धे नीतिशास्त्र मावते. मी खुर्चीत सावरून बसलो आणि उत्तर दिले. म्हटले, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम पाहा. कारखानदाराने ठरवलेला मूळ तपशील आणि गाडी यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. पण तोच कायदा अपंग माणसासाठी गाडीत फेरफार करायला वाट ठेवतो. म्हणजे कायद्याचा राग बदलावर नाही. बदल कशासाठी, एवढेच तो विचारतो. तुझ्या पुढच्या गार्डाचेच घे. त्यावर कारवाई करा, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. का? तर जे लोखंड तुझे बॉनेट वाचवते, तेच रस्त्यावरच्या पादचाऱ्याची हाडे मोडते. गार्ड म्हणजे रक्षक. रक्षण कोणाचे, ते तूच ठरव.

तो मान खाली घालून गेला. मला माझेच बोलणे फार आवडले, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर आठच दिवसांनी नागपूरला भाचीचे लग्न होते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला होता, आणि अपघात वाढल्यामुळे त्या उन्हाळ्यात प्रवेशाच्या ठिकाणी टायरांची तपासणी चाले. आमची गाडी थांबली. मागे आई, पत्नी, दोन मुले आणि आहेराच्या पिशव्या. अधिकाऱ्याने वाकून टायरच्या खाचेत माप घातले. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. माझे मागचे दोन्ही टायर त्या मापात बसेनात.

"गाडी परत न्या, सर."

मी म्हणालो, "अहो साहेब, याच टायरांवर दोन वर्षं फिरतोय. आजवर काय बिघडलं?"

वाक्य तोंडून बाहेर पडले आणि ते कोणाचे आहे, हे माझ्या लक्षात आले.

"गावात नाही बिघडत," अधिकारी शांतपणे म्हणाला. "इथं गाडी न थांबता पळते. टायर तापतो."

मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या त्या रस्त्यावर झिजलेल्या रबराची खरी परीक्षा होते. वेग दोष निर्माण करीत नाही. असलेला दोष उघडा पाडतो. विद्यार्थ्याचा दोष निदान ओरडून स्वतःची जाहिरात करीत होता. माझा दोष मुका होता, आणि त्याच्यावर माझी माणसे बसली होती.

आपण निरपराध कोणाला म्हणतो? ज्याच्या हातून नुकसान झाले नाही त्याला. पण दोन माणसांच्या गाड्यांचे टायर सारखेच झिजले आहेत. एकाचा फुटला, दुसऱ्याचा नाही. पहिल्याला जग गुन्हेगार म्हणते, दुसऱ्याला सज्जन. दोघांत फरक आहे तो नशिबाचा. चारित्र्याचा तिळमात्र नाही. याबाबतीत कायदा आपल्याहून अधिक नीतिमान निघतो. कलम १९० म्हणते, जो दोष चालकाला ठाऊक होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता, त्याला तो जबाबदार. "मला ठाऊक नव्हते" आणि "मी पाहिले नाही" यांत केवढे अंतर आहे!

नियमाचा काच गरिबाला अधिक होतो, हे मी नाकारीत नाही. रिक्षा थांबली की चूल थांबते. पण त्या रिक्षात बसणारा तरी कोण श्रीमंत असतो?

आम्ही गावात परतलो, टायर बदलले, निघालो. अक्षता चुकल्या. वाटेत मी अधिकाऱ्याविषयी कुरकुरत होतो. आई बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "मुलं मागं बसली होती रे."

त्यानंतर मी बोललो नाही.

भाऊबीजेला अनेक घरांतून गाड्या निघतील. निघण्यापूर्वी एकदा वाकून टायर पाहावेत, एवढे सांगण्याचा अधिकार मला आता मिळाला आहे. त्या विद्यार्थ्याला मात्र ही हकीकत मी अजून सांगितलेली नाही. तो दिवाळी अंक वाचत नाही, म्हणूनच ती येथे लिहिणे सोपे गेले. ते पुरेसे नाही, हे मला ठाऊक आहे. पाडव्याला फराळाचे ताट घेऊन त्याच्याकडे जाईन म्हणतो.