वर पाऊस, खाली आपण

आषाढातला रविवार उजाडला की लोणावळा, माळशेज, आंबोलीकडे गाड्यांची रीघ लागते. जावंच की! पाऊस काय खिडकीतून बघायचा? फक्त एवढं ध्यानात असू द्या, की आपल्या डोक्यावर उघडीप असली तरी वर पठारावर तो धो धो कोसळत असू शकतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्याला पाणी अचानक वाढलं आणि सहलीला आलेल्या कुटुंबातली पाच माणसं गेली.

पाणी चढण्याआधी बऱ्याचदा खुणा दिसतात. नितळ प्रवाह गढूळतो, पालापाचोळा नि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. तेव्हा पिशवी, चप्पल, अर्धवट राहिलेला फोटो सगळं सोडून काठ गाठायचा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यातही धडधाकट गड्याचे पाय सुटतात. त्यात कातळावर शेवाळ! सेल्फीबद्दल मी बोलत नाही, घरोघरी त्यावरून भांडणं झालीच आहेत.

पायथ्याच्या भजीवाल्या मावशी ‘आज वर जाऊ नका’ म्हणाल्या, तर हुज्जत घालू नका. कांदाभजी खालीही गरमच मिळतात.