विदूषकाच्या हाती तलवार

हसू आले म्हणजे कृत्याचा दोष नाहीसा होतो काय, हा प्रश्न जुनाच आहे; परंतु एका अमेरिकन चित्रपटाने तो आमच्यापुढे अशा रीतीने उभा केला की, त्याला बगल देणे आम्हांस जमेना. 'डेडपूल' हा तो चित्रपट. टिम मिलर यांनी तो दिग्दर्शित केला, रायन रेनॉल्ड्स हे त्यातील नायक, आणि २०१६ साली तो प्रदर्शित झाला. पुढे २०१८ व २०२४ साली याच नायकाचे आणखी दोन चित्रपट निघाले. शिवराळ भाषा, रक्तपात आणि उघडी शृंगारिकता यांमुळे आपल्याकडे त्यास केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले, व ते योग्यच होते. आमचा प्रश्न मात्र शिव्यांविषयी नाही. शिव्या ऐकून बिघडण्याचे वय सरकारी नोकरीत शिरल्यावर फार दिवस टिकत नाही.

या चित्रपटातील थट्टा कोणाची आहे, हे आधी पाहू. १९५४ साली अमेरिकेतील चित्रकथांच्या प्रकाशकांनी लोकक्षोभाच्या धाकाने स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. प्रत्येक कथेत सज्जनांनी दुर्जनांवर विजय मिळविलाच पाहिजे, असा त्यातील एक दंडक होता. त्या छायेत कित्येक वर्षे अतिमानवी वीरांच्या कथा लिहिल्या गेल्या. १९९१ मध्ये 'मार्व्हल'च्या चित्रकथेत डेडपूल हे पात्र अवतरले तोवर त्या नियमांचा वचक ओसरला होता, व २००१ मध्ये त्या संस्थेने ते सोडूनच दिले. इतकी वर्षे कीर्तन ऐकलेल्या श्रोत्यांतून एखादा टवाळ उठावा, यात नवल नाही. चित्रपटाच्या प्रारंभी श्रेयनामावली येते, तिच्यात कलावंतांची व निर्मात्यांची नावे नसून त्यांची कुचेष्टा करणारी वर्णने आहेत. नायक मधूनच प्रेक्षकांकडे वळून त्यांच्याशी बोलतो. आमच्या सूत्रधाराला हे नवे नव्हे, पण सूत्रधार प्रवेश संपवून पडद्याआड जात असे. हा जात नाही.

या टवाळीचा उगम जेथे दाखविला आहे, तो भाग आम्हांस खरोखर मोलाचा वाटतो. वेड विल्सन हा भाडोत्री गुंड. त्याला प्रेम लाभते आणि त्याच सुमारास कर्करोग जडतो. तो शरीरात अनेक ठिकाणी पसरलेला आहे असे निदान होते. बरे होण्याच्या आशेने तो एका गुप्त प्रयोगशाळेत जातो. तेथे उपचाराच्या नावाखाली छळ चालतो. त्याचा छळक फ्रान्सिस त्याला बजावतो की, या जागी विनोदबुद्धी कोणाचीच टिकत नाही. वेडची टिकते. हातपाय जखडलेले, देह विद्रूप होत चाललेला, आणि तरीही तो छळकाच्या नावाची टर उडवितो. हे हास्य म्हणजे धैर्यच होय. गमावण्यासारखे सर्व गेले असता माणसाने एवढी एकच गोष्ट परक्याच्या हाती दिलेली नाही, असे आम्ही त्यातून वाचतो.

त्यानंतर तोच मनुष्य सुटतो. त्याच्या जखमा आता आपोआप भरून येतात, पाठीवर दोन तलवारी व कमरेला पिस्तुले आहेत, आणि तोंड मात्र पूर्वीसारखेच चालू आहे. विनोद तोच, पण विनोद करणाऱ्याची जागा बदलली. आमच्या मते सर्व प्रश्न या बदलात आहे, आणि चित्रपटाला तो दिसत नाही.

कचेरीत वावरणाऱ्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागू नये. शिपाई साहेबांची नक्कल करतो तेव्हा बाक हलतात. साहेब शिपायाची नक्कल करतात तेव्हाही सर्व हसतात. पण दुसऱ्या वेळी शिपायाच्या तोंडाकडे पाहण्याचे सर्वजण टाळतात. शब्द कदाचित दोन्ही वेळी तेच असतील.

चित्रपटाच्या शेवटी फ्रान्सिस पराभूत होऊन पडला आहे आणि वेडचे पिस्तूल त्याच्या मस्तकावर रोखलेले आहे. तेव्हा कोलोसस नावाचा पोलादी देहाचा सज्जन वीर पुढे येतो व बोधामृत पाजू लागतो: वीर होण्यास आयुष्यातील चारपाच क्षण पुरतात, त्या क्षणी शत्रूस जीवदान द्यावे, इत्यादी. प्रवचन लांबते. मध्येच गोळी सुटते. फ्रान्सिस मरतो, कोलोससला ओकारी येते, आणि चित्रपटगृह खदखदून हसते. आम्हीही हसलो. कशाला हसलो? कोलोससच्या लांबणीला, असे उत्तर द्यावेसे वाटते, आणि ते निम्मे खरेही आहे. पण त्या हास्याच्या आडोशाने एका निःशस्त्र झालेल्या माणसाचा वध झाला, आणि त्यावर कोणी क्षणभर थांबले नाही. फ्रान्सिस मारण्यास योग्य नव्हता, असे आमचे म्हणणे नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी वाद होऊ शकेल. वेडजवळ कारणही आहे. पण ते तो गोळी झाडल्यावर सांगतो, आणि तेव्हा ते ऐकून घेण्याची कोणास गरज उरलेली नसते.

येथे 'मृच्छकटिका'चे स्मरण होते. शकाराने चारुदत्तावर खुनाचा खोटा आळ घेऊन त्याला सुळापर्यंत नेले. शेवटी डाव उलटतो, लोक शकाराला मारावयास धावतात, तो चारुदत्ताच्याच पायांशी शरण येतो, आणि चारुदत्त त्याला सोडून देतो. फ्रान्सिस शरण आला नव्हता, हा भेद आहेच. पण त्या नाटकात विनोदाचा वाटा मैत्रेयाचा आहे. धन्यावर व त्याच्या प्रेमावर तो मनसोक्त बोलतो; शस्त्र मात्र त्याच्या हाती नाही. आमच्या पूर्वजांनी विदूषक आणि नायक हे वेगळे ठेवले, ते केवळ संकेत म्हणून, असे आम्हांस वाटत नाही. डेडपूलमध्ये दोन्ही एकत्र झाले. आता नायकाला हसणारा कोण?

तो स्वतःला हसतो, हे उत्तर त्याचे चाहते देतील. हसतो खरा. पण स्वतःला हसण्याने त्याची एकही तलवार बोथट होत नाही.

दिल्लीकरांना या चित्रपटात एक ओळखीचा चेहरा भेटतो. दिल्लीत जन्मलेल्या करण सोनी यांनी दोपिंदर हा भोळा टॅक्सीवाला रंगविला आहे. त्याची प्रेयसी गीता चुलतभावाने, बंधूने, पळविली, म्हणून तो कष्टी आहे. वेड त्याचा मार्गदर्शक होतो आणि परिणामी बंधू टॅक्सीच्या डिकीत बांधलेला सापडतो. तेव्हा वेड मोठ्याने सांगतो, त्याला सोडून दे; आणि हळूच कानात नेमके उलट सांगतो. या दुहेरी सल्ल्याला आम्ही कचेरीत तोंडी आदेश म्हणतो. बंधूला काय वाटले, हे चित्रपट विचारीत नाही.

अल् नावाच्या आंधळ्या वृद्धेचे प्रवेश मात्र आम्हांस मनापासून आवडले. वेड तिच्या घरी भाडेकरूसारखा राहतो. ती सुटे भाग चाचपडत एक कपाट जोडीत असते, तो तिच्या आंधळेपणावर वाटेल ते बोलतो, आणि ती त्याच्या तोंडावर तितकेच तिखट परत फेकते. त्याचे विद्रूप रूप तिला दिसत नाही, त्याच्या तलवारीही दिसत नाहीत. त्या खोलीत तो मुखवटा काढून बसतो.