मनाचे दुखणे : भगत, फ्रॉइड आणि आपण

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात एखाद्या सासुरवाशिणीच्या अंगात आले, की आजही तिला भगताकडे नेणारे आहेत. धम्मदीक्षा घेतली, देव्हारा गेला, तरी बाधेची भीती एका दिवसात जात नाही. तिच्या जागी शास्त्र आणायचे, तर तेही पारखून घेतले पाहिजे. म्हणून फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा हा जमाखर्च.

जमेची बाजू मोठी आहे. फ्रॉइडने (१८५६–१९३९) रुग्णाला बोलू दिले आणि ऐकून घेतले. दडपलेले दुःख शरीरातून व स्वप्नांतून वाट काढते, असे त्याने मांडले. म्हणजे झटके येणारी बाई पछाडलेली नाही, ढोंगीही नाही. ती दुःखी आहे. भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था काढली. पण फ्रॉइडशी असलेले मतभेद त्यांनी त्यालाच पत्राने कळवले. शिष्य असावा तर असा!

आता खर्चाची बाजू. १९०० साली अठरा वर्षांची एक मुलगी फ्रॉइडकडे आली. तिला त्याने ‘डोरा’ हे नाव दिले. वडिलांचा मित्र आपल्या मागे लागतो, ही तिची तक्रार. फ्रॉइडने ती खोटी मानली नाही. पण तिच्या किळसेमागे तिचीच सुप्त इच्छा आहे, असे ठरवले. ती ‘नाही’ म्हणाली, तर ते ‘नाही’ही पुरावा ठरले. तीन महिन्यांच्या आत तिने उपचार सोडले. होकार आला तरी सिद्धांत खरा, नकार आला तरी खरा. मग तो खोटा ठरणार केव्हा? कार्ल पॉपर यांचा आक्षेप हाच होता. भगताचेही असेच असते : गुण आला तर अंगाऱ्याचा, नाही आला तर तुमची श्रद्धा कमी!

दुसरी उणीव अशी, की फ्रॉइडने दुःखाचे मूळ बहुतेक घरातच शोधले. हुंड्याचा जाच, ऊसतोडीची वणवण, जातीचा अपमान यांनीही मन मोडते. वर्णद्वेष मनाला कशी जखम करतो, हे फ्रान्झ फॅनॉन या कृष्णवर्णीय मनोवैद्याने १९५२ साली लिहिले.

मग मनोविश्लेषण टाकून द्यावे काय? नाही. परंपरा आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका, हा तथागतांचा कालामांना उपदेश. तो भगताला लागू आहे, तसा फ्रॉइडलाही. ऐकण्याची रीत घ्यावी. न तपासता येणारा सिद्धांत बाजूला ठेवावा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला; २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसोपचार हा हक्क झाला. तेव्हा घरातल्या लेकीसुनेला प्रथम विचारा, “बाई, तुला काय दुखते?” ती सांगेल ते खरे धरून ऐका, आणि तिला डॉक्टरकडे न्या.